अकरावीतच सुरू होणारी फाईल

टेंभुर्णीच्या ज्या मुलीला बारावी सायन्सनंतर इंजिनिअरिंगला जायचं आहे, तिने लिहिलेलं एकही वाक्य प्रवेशाच्या सगळ्या खटाटोपात कुणी वाचणार नाही. तुला कॉम्प्युटरच का हवं, घरी कोण शिकलेलं आहे, गेल्या वर्षी कापूस गेला तेव्हा फी कशी भरली, असं तिला कुणी विचारत नाही. तिच्याकडून दोनच गोष्टी मागितल्या जातात: एक आकडा आणि कागदांची एक चळत. आकडा ती स्वतः कमावते. कागद मात्र पुष्कळदा तिच्या जन्माआधीचे असतात, कधी वडिलांच्याही जन्माआधीचे. शिकवण्या, टेस्ट सिरीज, वर्तमानपत्रांतली पानं, सगळा गलका आकड्याभोवती चालतो. गावाकडच्या मुलांच्या हातून जागा निसटते ती पुष्कळदा दुसऱ्या गोष्टीपायी.

ही टेंभुर्णी पुणे-सोलापूर रस्त्यावरची, माढा तालुक्यातली नव्हे. ही जालना जिल्ह्यातली, जाफ्राबाद तालुक्यातली. तालुक्याची हद्द बुलढाणा जिल्ह्याला भिडते, म्हणजे मराठवाडा संपतो आणि विदर्भ सुरू होतो. ही हद्द पुढे तीनदा आडवी येणार आहे.

आधी आकड्याचं पाहू. महाराष्ट्रात अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, कृषी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश विद्यापीठं स्वतः करत नाहीत. २०१५च्या कायद्याने ते काम राज्याच्या सीईटी कक्षाकडे गेलं आहे. २०२४पासून बीबीए, बीसीएसाठीही वेगळी सीईटी सुरू झाली. अभियांत्रिकीच्या सीईटीत भौतिक आणि रसायनशास्त्राचे पन्नास-पन्नास प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे पन्नास प्रश्न दोन-दोन गुणांचे. एकूण २०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. साधारण वीस टक्के भाग अकरावीचा, ऐंशी टक्के बारावीचा. दहावीनंतर 'अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष' ही समजूत इथेच महाग पडते.

निकाल गुणांत येत नाही, पर्सेंटाइलमध्ये येतो, आणि दरवर्षी घराघरांत गोंधळ होतो. नव्वद पर्सेंटाइल म्हणजे नव्वद टक्के गुण नव्हेत. परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. एखाद्या सत्रात दहा हजार मुलं बसली आणि त्यांतल्या नऊ हजारांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी असले, तर तुमचं पर्सेंटाइल नव्वद. अवघड पेपर आलेल्या सत्रात शंभर गुणांनाही चांगलं पर्सेंटाइल मिळतं, सोप्या सत्रात तेवढ्याच गुणांना कमी. दशांश चिन्हापुढे सात आकडे छापतात ते उगाच नव्हे; समजा सगळ्या सत्रांत मिळून तीन लाख मुलं बसली, तर एका पर्सेंटाइलच्या आत तीन हजार मुलं दाटीवाटीने उभी असतात. बारावीचे गुण या यादीत धरत नाहीत. त्यांची गरज फक्त पात्रतेपुरती: खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, राखीव प्रवर्गांना ४० टक्के.

मग येते केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, जिला सगळे 'कॅप' म्हणतात. विद्यार्थ्याने कॉलेज आणि शाखा यांच्या जोड्या पसंतीच्या क्रमाने भरायच्या. तीनशेपर्यंत भरता येतात. संगणक गुणवत्ता यादीतल्या पहिल्या क्रमांकापासून सुरुवात करतो. त्याच्या पसंतीची यादी वरून खाली वाचत जातो, जिथे त्याच्यासाठी जागा शिल्लक दिसते तिथे थांबतो आणि दुसऱ्या क्रमांकाकडे वळतो. बस्स, एवढंच. या साधेपणातून एक मोठी गोष्ट निघते: यादीत वर 'आवडतं पण मिळणार नाही' असं कॉलेज टाकल्याने खालच्या कॉलेजची संधी जात नाही. तुमचा नंबर येईल तेव्हा वरचं भरलेलं असेल तर संगणक पुढच्या ओळीवर जाईल. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन अभ्यासकांनी १९६२मध्ये कॉलेज-प्रवेशाचं गणित मांडलं, शॅप्लींना त्या धाग्यावरच्या कामासाठी २०१२चं अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. त्या सगळ्या गणिताचं विद्यार्थ्याच्या कामाचं सार एवढंच की क्रम मनातला खरा भरावा.

तरीही नेट कॅफेत बसून फॉर्म भरताना शेजारचा कुणीतरी सांगतोच, 'आधी मिळेल ते टाक.' २०२५-२६पासून हा सल्ला घातकच झाला आहे. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं, तर ते आपोआप पक्कं होतं आणि पुढच्या फेऱ्यांतून मूल बाहेर पडतं. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींना तो नियम लागतो, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना. 'मिळेल ते' सगळ्यात वर टाकणाऱ्याला ते मिळतं आणि त्यातच अडकावं लागतं.

कटऑफच्या याद्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना 'एलओबीसीएच' यासारखी कोडी आठवत असतील. फोड सोपी आहे. पहिलं अक्षर 'जी' असेल तर सर्वसाधारण जागा, 'एल' असेल तर मुलींसाठी राखलेल्या तीस टक्क्यांतली. मधला भाग प्रवर्गाचा. शेवटचं अक्षर 'एच' म्हणजे गृह विद्यापीठाच्या मुलांसाठी, 'ओ' म्हणजे बाहेरच्या विद्यापीठातल्यांसाठी, 'एस' म्हणजे राज्य पातळीवरची जागा. आणि गृह विद्यापीठ कोणतं, हे घर कुठे आहे यावर ठरत नाही. राज्यातच दहावी-बारावी झालेल्यांच्या बाबतीत ते बारावी कुठून केली यावर ठरतं. टेंभुर्णीत किंवा जालन्यात बारावी केली, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. हद्दीपलीकडे देऊळगाव राजात केली, तर अमरावतीचं. लातूरला शिकवणीसाठी जाऊन तिथेच बारावीला बसलं, तर नांदेडचं. अकरावीला कॉलेज निवडताना जीवशास्त्राचे सर कसे आहेत, मेस कशी आहे, सगळं विचारलं जातं. हा प्रश्न मात्र राहून जातो.

आता कागद.

वरवर पाहिलं तर यादी लांब असली तरी भीतीदायक नाही. दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, मध्ये वर्ष वाया गेलं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. राखीव प्रवर्गातून अर्ज असेल तर जातीचं प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, आणि अनुसूचित जाती-जमाती सोडून इतरांना नॉन-क्रिमीलेअर, तेही त्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ मार्चपर्यंत चालणारं. पहिली पाच-सहा नावं सेतूत हेलपाटे घालून, तहसीलला थोडं ताटकळून मिळतात. ऊसतोडीला गेलेल्या आईने कर्नाटकातल्या फडावर बाळंत होऊन आणलेल्या मुलाचं जन्मस्थळ राज्याबाहेरचं निघतं, तेव्हा अधिवासाचे पुरावे जास्त शोधावे लागतात, तेही निभतं. खरी खिंड आहे ती जातीच्या प्रमाणपत्राची आणि वैधतेची.

जातीचं प्रमाणपत्र उपविभागीय अधिकारी देतात. जाफ्राबाद तालुक्यातल्यांना त्यासाठी भोकरदनकडे पाहावं लागतं. ते मिळवताना दाखवायचं काय? तर एका ठरावीक तारखेच्या आधीचा पुरावा. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेच्या आधी आपल्या बापजाद्यांचं वास्तव्य इथेच होतं आणि जात अमुक होती, हे दाखवायचं. २००८ साली जन्मलेल्या मुलीने १९६७च्या आधीचं काहीतरी आणायचं. ते बहुधा एकाच ठिकाणी सापडतं: आजोबा ज्या प्राथमिक शाळेत दोन-तीन वर्षं गेले, तिथल्या प्रवेश-निर्गम रजिस्टरात.

हे रजिस्टर एकदा हातात घेऊन पाहावं. जाड पुठ्ठ्याची वही, कडा कुरतडलेल्या, शाई कुठे निळी कुठे तपकिरी. अनुक्रमांक, नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, दाखल तारीख, शाळा सोडण्याचं कारण. जन्मतारीख पुष्कळांची १ जून, कारण शाळेत घालायला तीच सोयीची. जातीच्या रकान्यात कुठे पूर्ण नाव, कुठे नुसतं 'हिंदू', कुठे वरच्या ओळीतलं तसंच खाली म्हणून दोन टिंबं. बापाचं नाव 'हरी', आणि नातीच्या कागदांवर पणजोबा 'हरिभाऊ'. हे दोघं एकच, हे शपथपत्रावर वंशावळ काढून सांगावं लागतं. गुरुजींनी घाईत मारलेल्या एका टिंबावर साठ वर्षांनी कुणाची तरी सीट अवलंबून असते, आणि हे त्या गुरुजींना कधी स्वप्नातही आलं नसेल.

ज्याचे आजोबा शाळेतच गेले नाहीत, त्याचं काय? जमीन असेल तर जुने महसुली कागद, नसेल तर जन्म-मृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना १४. पालावर राहणाऱ्या, आज इथे उद्या तिथे अशा कुटुंबाकडे यांतलं काहीच नसतं. हेच कागद पुढे वैधतेसाठी जात पडताळणी समितीपुढे जातात; दाव्याबद्दल तिचं समाधान झालं नाही, तर ती दक्षता पथक घरी पाठवते आणि चौकशी करते. सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र कायद्याने अर्जदारावरच टाकली आहे.

ही पडताळणी आली कशी, हे माहीत असलं म्हणजे तिचा राग थोडा कमी होतो. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, महादेव कोळी असल्याच्या दाव्यावर मिळवलेल्या वैद्यकीय शाखेच्या प्रवेशावरून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९४च्या त्या माधुरी पाटील निकालात न्यायालयाने पडताळणी समित्या, दक्षता पथकं, सगळी रचना घालून दिली. पुढे महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला. खोट्या दाखल्यांवर खऱ्या आदिवासी मुलांच्या जागा जात होत्या, हे खोटं नव्हतं. जमातीच्या चालीरीती विचारून जात ताडण्याची जी पद्धत होती, तीच एकमेव कसोटी मानता येणार नाही, असंही सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये सांगितलं. पण या यंत्रणेचा एक परिणाम कुणी ठरवून केला नसला तरी रोज दिसतो. वडिलांकडे, सख्ख्या भावाकडे किंवा चुलत्याकडे वैधता असेल तर काम बरंच हलकं होतं. घरात कुणाकडेच नसेल तर मुळापासून सुरुवात. म्हणजे सगळ्यात जड ओझं घराण्यात पहिल्यांदा कॉलेजात जाणाऱ्याच्या डोक्यावर. ज्याच्यासाठी आरक्षण मुख्यतः आहे, त्यालाच ते मिळवणं सगळ्यात अवघड.

मराठवाड्यात या कागदांना आणखी एक पदर आहे. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत हा मुलूख निजामाचा. कारभाराची भाषा उर्दू, आधीची फारसी, मराठी लिहिलंच तर मोडीत. हद्दीपलीकडचं देऊळगाव राजा वऱ्हाडात, इंग्रजी अंमलाखाली. विदर्भात कुणबी ही नोंद सर्रास आढळते, इकडे तोच शेतकरी समाज मराठा म्हणून नोंदला गेलेला. लग्नसंबंध हद्दीच्या दोन्ही बाजूंना. एका सोयऱ्याचा मुलगा ओबीसीतून फॉर्म भरतो, दुसऱ्याचा खुल्यातून, आणि दोघांच्या शेतात कापूस तोच. जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटलांचं मराठा आरक्षणासाठीचं उपोषण २०२३च्या ऑगस्टअखेरीस सुरू झालं, त्यामागे हीही धग होती. 'सगेसोयरे' हा शब्द मागणीत आला तो उगीच नव्हे. त्यानंतर निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीला निजामकालीन कागदांत कुणबी नोंदी शोधायचं काम दिलं गेलं. तहसिलींच्या अभिलेख कक्षांत मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. २ सप्टेंबर २०२५च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचा आधार घ्यायचं ठरलं आणि गावपातळीवर चौकशीसाठी समित्या नेमल्या गेल्या. ओबीसी संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला, आपल्या जागा जातील म्हणून. हा वाद कुठे जाईल ते जाईल. विद्यार्थ्याच्या नजरेतून पाहिलं तर एवढंच दिसतं की एका घरातल्या तीन भावंडांच्या फाईली तीन तऱ्हेच्या झाल्या. २०१८च्या कायद्याने मराठा समाज एसईबीसी, म्हणजे सामाजिक-शैक्षणिकदृष्ट्या मागास ठरला, म्हणून थोरल्याने तो दाखला काढला. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली, ५ मे २०२१ला कायदाच रद्द झाला. मधल्याने आर्थिक दुर्बल घटकाचा, म्हणजे ईडब्ल्यूएसचा काढला. फेब्रुवारी २०२४मध्ये दहा टक्क्यांचा नवा एसईबीसी कायदा आला आणि धाकटी पुन्हा पहिल्या रांगेत, हातात वेगळ्या नमुन्याचा अर्ज.

बाहेरच्या जगात असं नसतं, हे खरं आहे. इंग्लंडमध्ये एका सामायिक अर्जावर पाच अभ्यासक्रम निवडायचे आणि स्वतःविषयी चार हजार अक्षरांचं निवेदन द्यायचं. २०२६च्या प्रवेशांपासून त्याचे तीन ठरावीक प्रश्न केले आहेत. अमेरिकेत साडेसहाशे शब्दांचा निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रं, खेळ, संगीत, समाजसेवा. वाचायला फार सुंदर वाटतं. मुलाला माणूस म्हणून ओळखतात, असं कुणालाही वाटेल. पण हा प्रकार सुरू कसा झाला? १९२०च्या दशकात हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन या विद्यापीठांत गुणांवर येणाऱ्या ज्यू विद्यार्थ्यांची संख्या वाढू लागली, ती आवरण्यासाठी 'चारित्र्य', 'व्यक्तिमत्त्व' असले निकष पुढे आणले गेले. जेरोम काराबेल यांनी २००५मध्ये त्यावर मोठा ग्रंथच लिहिला. जो मोजता येत नाही असा निकष, हवं त्याला आत घ्यायला आणि नको त्याला बाहेर ठेवायला फार सोयीचा असतो.

आपल्याकडे तसा निबंध मागितला असता तर तो कुणी लिहिला असता? पुण्यातल्या क्लासने. टेंभुर्णीच्या मुलीचा निबंध पंधराशे रुपयांत नेट कॅफेतच छापून मिळाला असता. शिवाय महाराष्ट्राला आठवण आहे. १९८३नंतर खासगी इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली, पाठोपाठ देणग्या आल्या, १९८७मध्ये कॅपिटेशन फीविरोधी कायदा करावा लागला. उन्नीकृष्णन, टी. एम. ए. पै, इनामदार अशा निकालांतून १९९३ ते २००५ या काळात हे भांडण न्यायालयांत फिरत राहिलं. त्या काळात 'मुलाखतीला बोलावलंय' याचा अर्थ पालकांना बरोबर कळत असे. मुका, निर्विकार संगणक आणि त्याची यादी मला म्हणूनच बरी वाटते. तिला मुलीचं नाव ऐकू येत नाही, बापाची ओळख दिसत नाही. माझी तक्रार यादीविषयी नाही. सरकारकडे असलेलंच रजिस्टर सरकारनेच मुलीकडून मागावं, याविषयी आहे. शाळा जिल्हा परिषदेची, महसुली कागद तहसीलचे, समिती सरकारचीच. हेलपाटे तेवढे बापाचे, पेरणीच्या दिवसांत.

वैद्यकीयची गोष्ट थोडक्यात. तिथे नीट, ७२० गुण, पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्याला. उरलेल्यांत पूर्वी सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना आणि तीस टक्के बाहेरच्यांना असा नियम होता. दिसायला न्याय्य, पण मराठवाड्यात कॉलेजंच कमी, त्यामुळे सत्तर टक्केही थोडेच. देऊळगाव राजाचा विदर्भात, टेंभुर्णीचा मराठवाड्यात, गुण सारखे, संधी निराळी. सप्टेंबर २०२०मध्ये हा नियम रद्द झाला. जालना जिल्ह्याला स्वतःचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं ते २०२४मध्ये, शंभर जागांचं.

आणि बीए, बीकॉम, बीएस्सी? गावातली बरीच मुलं तिकडेच जातात आणि तिथे निवड अशी फारशी नसतेच. बारावी पास असावं, टीसी, गुणपत्रक, आधार, शैक्षणिक क्रेडिटचा ऑनलाइन क्रमांक द्यावा, प्रवेश मिळतो. पण कागद इथेही पाठ सोडत नाहीत, कारण शिष्यवृत्ती त्यांच्यावरच मिळते. व्यावसायिक अभ्यासक्रमांत तर २०२४-२५पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. उत्पन्नाचा दाखला वेळेत नसला की पात्र मुलीलाही ती माफी अडते.

वैधतेचा अर्ज बारावीच्या निकालाची वाट पाहत ठेवू नये. सायन्सला असलेल्या विद्यार्थ्याला तो अकरावीतच, कनिष्ठ महाविद्यालयाच्या पत्रासह, जालन्याच्या जिल्हा समितीकडे करता येतो; अनुसूचित जमातींची समिती वेगळी. प्रवेशाच्या वेळी नुसती पावती दाखवून जागा घेता येते, मुदतीत वैधता आली नाही तर ती जागा जाते. सरकार ऐनवेळी मुदत वाढवतं, पण दरवेळी वाढवेलच असं नाही. तेव्हा दहावीचा टीसी हातात येण्याआधीच शाळेच्या नोंदीतलं नाव, जात, जन्मस्थळ आधारशी आणि वडिलांच्या दाखल्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावं. शाळेत असताना चूक शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने दुरुस्त होऊ शकते. शाळा सुटली की तीच दुरुस्ती फार जड जाते.